मले नाही जमत

ज्वारी बुडाली त्या साली पणजी सात-आठ वर्षांची असेल. सौंसर तहसील म्हणजे छिंदवाड्याच्या घाटाखालचा मुलूख. माती काळी, पीक कापूस-ज्वारीचं, बोली नागपूरकडची. १८९६ साली पाऊस लवकर उघडला आणि सगळ्या मध्यप्रांतावर दुष्काळ आला. नर्मदेकडे खडी फोडायचं काम निघालंय अशी आवई उठली, म्हणून पणजीचे आईबाप तिला घेऊन घाट चढून चालत निघाले. वाटेत आधी बाप गेला, मग आई. पोर एका स्टेशनाजवळ पिंपळाखाली बसलेली सापडली. ही गोष्ट पणजीनं आजीला सांगितली आणि आजीनं मला. तपशील दर वेळी थोडे हलायचे. कधी बापाच्या डोक्यावर गाठोडं असायचं, कधी पाठीवर म्हातारी आई असायची. पिंपळ मात्र कधी हलला नाही.

पिंपळाखालून उचलणारी बाई पंडिता रमाबाईंच्या माणसांतली होती, असं घरात मानतात. इतिहासाशी ते जुळतं. त्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्यप्रांतात आल्या होत्या. गावोगावच्या अन्नछत्रांतून आणि रस्त्यांवरून निराधार मुली गोळा करून त्यांनी तीनशेच्या आसपास मुलींना आसरा दिला. तेव्हा त्यांच्या हाताशी फारसं काही नव्हतं. पुण्याचं त्यांचं शारदा सदन अमेरिकेतल्या मदतीवर चाललं होतं, आणि ती मदत दहा वर्षांच्या बोलीची. मुदत संपत आलेली. त्यात पुण्यात प्लेग. इतक्या मुली शहरात ठेवायला सरकारची मनाई झाली, म्हणून दौंडच्या वाटेवर केडगावला घेतलेल्या शंभर एकर माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्ती सदन म्हणून पुढं जगभर नाव झालं ते ठिकाण सुरुवातीला असं होतं.

रमाबाईंना भीती वाटत नसेल असं मला लहानपणी वाटायचं. भिंतीवर त्यांचा फोटो होता. पांढरं पातळ, कापलेले केस, नजर सरळ. अशा माणसाला कशाची भीती? पुढं त्यांचं लिहिलेलं वाचलं तेव्हा कळलं की दुष्काळाची बातमी ऐकल्यावर त्यांना पहिली आठवली ती स्वतःची उपासमार. १८७४ च्या सुमाराला, रमाबाई सोळा वर्षांच्या असताना, वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि बहीण अशी तीन माणसं पाठोपाठ गेली होती. भाऊ श्रीनिवास आणि त्या, दोघंच उरले. पायी देशभर हिंडत दोघं कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी १८७८ साली रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती म्हटलं. दोन वर्षांत भाऊही गेला. लग्न झालं आणि दीड-दोन वर्षांत नवरा पटकीनं गेला. पदरात मनोरमा. इतकं सोसलेल्या माणसाचं मन घट्ट होतं, असं लोक म्हणतात. मला ते खरं वाटत नाही. इतकं सोसलेल्या माणसाला पुढचं संकट कसं असतं ते नेमकं ठाऊक असतं, आणि म्हणून भीती जास्तच वाटते.

त्यांच्या श्रद्धेचीही तीच गत. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला, पण मनाला स्वस्थता आली ती आठ वर्षांनी, १८९१ मध्ये. मधल्या काळात आपण धर्म घेतला पण ख्रिस्त काही गवसला नाही, अशी टोचणी होती. हे त्यांनी स्वतः साक्षीत लिहून ठेवलंय. ज्या बाईनं स्वधर्म सोडला म्हणून महाराष्ट्र तिच्यावर तुटून पडला होता, तिलाच नव्या धर्मात आपली जागा सापडत नव्हती. आणि स्वस्थता आली तर पुढं दोन वर्षांत, १८९३ मध्ये, शारदा सदनात मुली बाटवल्या जातात असा बोभाटा झाला. ‘केसरी’नं झोडपलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालक मुली काढून घेऊन गेले. संस्था बुडाली असंच कुणालाही वाटलं असतं. या सगळ्यानंतर तीन-चार वर्षांनी ही बाई मध्यप्रांतात येऊन आणखी तीनशे पोरी घेऊन जाते. हिशेबात बसणारी गोष्ट नाही ही.

इथं एक अवघड प्रश्न मध्ये येतो, तो टाळू नये. सात वर्षांच्या उपाशी पोरीला भाकर दिली आणि पुढं ती ख्रिस्ती झाली, तर तिनं काय निवडलं? मी कॉलेजात असताना हा प्रश्न मोठ्या तोऱ्यात आजीला विचारला होता. आजी तांदूळ निवडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "भाकर आंधी भेटली, येशू मांगून. माह्या मायले दोन्हीतला फरक समजत होता, बाई. तुले समजते का, थे पाह्य." रमाबाईंवर त्या काळी झालेली टीका सगळी खोटी होती असं मी म्हणणार नाही. भुकेल्यापुढं धर्म ठेवणं सोपं असतं. पण पणजीची गोष्ट मी जशी ऐकली तशी सांगते, आणि त्या गोष्टीत भाकरीपेक्षा जास्त जागा छापखान्याला आहे.

मुक्तीत मुलींना नुसतं जेवूखाऊ घालून बसवलं नाही. शेती, माग, तेलघाणा, शिवण आणि छापखाना. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतलं, ते अर्धशिक्षित बाईलाही वाचता यावं म्हणून. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, फर्मे बांधणाऱ्या, छापणाऱ्या सगळ्या तिथल्याच मुली. पणजी खिळे जुळवायची.

देवनागरीचे खिळे जुळवणं इंग्रजीसारखं सव्वीस अक्षरांचं काम नव्हे. लाकडी केसमध्ये शेकडो खण. क, क्र, क्ष, अर्धा त, पाय मोडलेला द, काना वेगळा, वेलांटी वेगळी, रफार वेगळा. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. ते डाव्या हातातल्या स्टिकमध्ये डोकं खाली करून बसवायचं आणि वाचायचंही तसंच. अंगठ्यानं शेवटचा खिळा दाबून धरायचा, नाहीतर ओळ घसरते. पणजीचा डावा अंगठा म्हातारपणीही आत वळलेला होता. भाजी चिरतानासुद्धा तो तसाच राहायचा.

एकदा तिच्या हातातून बांधून झालेली गॅली निसटली. अख्खं पान जमिनीवर. चार दिवसांचं काम, आणि काम कशाचं, तर देवाच्या वचनाचं! पोर विहिरीमागं जाऊन बसली. आता हाकलणार, परत पिंपळाखाली नेऊन बसवणार, अशी तिची खात्री झाली होती. छापखान्यातली थोरली बाई शोधत आली. तिनं समजूत घातली नाही की रागावली नाही. पोरीला उठवून आणलं, फरशीवर चिमणी ठेवली, डोळे मिटून दोन वाक्यांची प्रार्थना केली आणि म्हणाली, "कानेमात्रे मी उचलते, अक्षरं तू." रात्रभर दोघी खिळे वेचून आपापल्या खणात टाकत बसल्या. दुसऱ्या दिवशी पान पुन्हा जुळवायला पणजीकडंच दिलं.

आजी ही गोष्ट सांगताना नेहमी इथंच थांबायची आणि विचारायची, "दुसऱ्या कोनाले काहून नाही देल्लं?" मी उत्तर दिलं की दर वेळी तिला ते चूक वाटायचं. तिला नुसतं भाविक उत्तर हवं नव्हतं, पण काय हवं होतं तेही तिनं कधी सांगितलं नाही. आता मला जे वाटतं ते असं. त्या थोरल्या बाईनं भीतीला दिलेलं उत्तर म्हणजे तेच काम होतं, पुन्हा एकदा. धीराचे शब्द दिले असते तर पणजी ते विसरली असती.

तारखांचा मेळ मी घालून पाहिलाय. पणजी लग्न होऊन केडगावहून निघाली तेव्हा रमाबाईंचं भाषांतर बरंच अपुरं होतं. म्हणजे घरात म्हणतात तसं ‘आख्खं बायबल आमच्या पणजीनं जुळवलं’ हे खरं नाही. काही पुस्तकं, काही पानं जुळवली असतील. १९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. एकुलती एक मुलगी, आईचा उजवा हात. त्यानंतरही रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. शेवटची मुद्रितं हातावेगळी झाली आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. काम पुरं होईपर्यंत दिवस मागून घेतले होते, असं ख्रिस्ती घरांत आजही सांगतात. संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडलं.

पणजोबा नागपूरला स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले मास्तर. त्या मिशनचा पाया घालणाऱ्या स्टीफन हिस्लॉपची गोष्ट त्यांना फार प्रिय. हा माणूस १८४५ मध्ये नागपूरला आला, अठरा वर्षं राबला, आणि ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात बुडून गेला. या अठरा वर्षांत ख्रिस्ती झालेली माणसं फार थोडी. मिशनच्या वहीत अपयशच दिसावं. पण त्यानं गोंडांची गाणी उतरवून घेतली होती, दगड-जीवाश्म गोळा केले होते, शाळा उभी केली होती. त्या शाळेतूनच पुढं १८८३ मध्ये त्याच्या नावाचं कॉलेज निघालं. छिंदवाड्यात गोंडांमध्ये काम करणारा जेम्स डॉसनही याच मिशनचा. १८८५ मध्ये ते ठाणं स्वीडिश लुथरन मिशननं घेतलं, म्हणून घाटावरच्या मंडळ्या लुथरन आणि हिंदी बोलणाऱ्या, आणि घाटाखालचे आम्ही नागपूरकडं तोंड केलेले.

सौंसरला आल्यावर पणजीकडं काम आलं बायबल-बाईचं. म्हणजे घरोघरी जाऊन बायांना वाचून दाखवायचं, कुणाला अक्षरओळख करून द्यायची, बाळंतिणीला बघायचं. छापखान्यात तोंड मिटून राहिलेल्या बाईला हे कसं जमावं? तिची बोली केडगावी झालेली, अर्धी पुणेरी, अर्धी कशीतरी. सौंसरच्या बाया तोंडावर पदर घेऊन हसायच्या. पहिल्या दिवशी ती एका दारातून वाचल्याशिवाय परत आली आणि नवऱ्याला म्हणाली, मला नाही जमत. पणजोबांनी मोशेचा अध्याय काढून पुढं ठेवला. देव जळत्या झुडपातून हाक मारतो आणि मोशे म्हणतो, माझी जीभ जड आहे, दुसऱ्या कुणाला पाठव. पणजीनं ते वाचलं आणि विचारलं, मग देवानं दुसरा पाठवला का? भाऊ अहरोन सोबत दिला, पण जाणं मोशेलाच भाग पडलं. दुसऱ्या दिवशी पणजी नणंदेला सोबत घेऊन गेली.

यातूनच आजीचं ते ठरलेलं वाक्य निघालं, जे आमच्या घरात परीक्षेच्या, मुलाखतीच्या, बाळंतपणाच्या, ऑपरेशनच्या, सगळ्याच दिवशी ऐकू यायचं: "देवानं ज्याले ज्याले कामाले लावलं, थो पयले म्हने, मले नाही जमत." गिदोन म्हणाला, यिर्मया म्हणाला. जे आधीच ‘जमतं’ म्हणाले, त्यांची पुस्तकात काय गत झाली तेही आजी सांगायची. पेत्राचं नाव घेताना तिला विशेष हसू यायचं.

आजीचं लग्न पांढुर्ण्यात झालं. आजोबा दवाखान्यात कंपाउंडर. औषधं कालवण्यात त्यांचा हात चोख, पण रक्त पाहिलं की पाय लटपटायचे. हे कंपाउंडरच्या बाबतीत अडचणीचं असतं, आणि पांढुर्ण्यात तर फारच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून झेंडा लावतात, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि दिवसभर गोटमार. गोट म्हणजे दगड. झेंडा तोडून चंडीच्या देवळात न्यायचा. दरवर्षी शेकड्यांनी डोकी फुटतात, माणसं दगावलीही आहेत. बंद करायचे प्रयत्न झाले, रबरी चेंडू आणून पाहिले, पण लोकांनी दगडच उचलले. त्यात शौर्य आहे असं मला कधीच वाटलं नाही. पण पांढुर्ण्यात हे मोठ्यानं बोलून कुणाशी वैर कशाला घ्या!

आजोबांची पहिली गोटमार. दवाखान्याचा व्हरांडा भरलेला, डॉक्टर आतल्या टेबलावर गुंतलेले, आणि आजोबांपुढं सावरगावचा एक जवान पोरगा, डाव्या भुवईवर दोन बोटं लांब चीर. रक्त कानामागून बाकड्यावर. सुईत दोरा जाईना. आजोबा तो ओला करत, पुन्हा धरत, पुन्हा चुकत. पोरगा दुसऱ्या डोळ्यानं हे पाहत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, येते नं तुमाले?"

"नाही येत," आजोबा म्हणाले. "पन तू पाहून रायला, वरून देवही पाहून रायला. मांगं कसा सरू?"

पोरगा हसला, त्यामुळं चीर आणखी उघडली. सुई आत गेली. सहा टाके पडले. आजोबांनी तेवढ्या वेळात किती वेळा प्रभूचं नाव घेतलं याचा हिशेब नाही, पण हात काही थांबला नाही कापायचा. हे आजी मुद्दाम सांगायची. पुढच्या साली तोच पोरगा उजवी भुवई फोडून घेऊन आला आणि डॉक्टरांना बाजूला सारून म्हणाला, "त्या न येनाऱ्या साहेबाले बोलवा."

मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. हात कापतच राहिला. आता हिवाळ्यात मंडप घालून ज्या सभा होतात, त्यांतल्या काहींत वेगळंच ऐकू येतं. विश्वास ठेवा, भीती पळेल, धंदा वाढेल, परीक्षा पास व्हाल. माईकवरून येणारी ही आश्वासनं ऐकली की मला आजी आठवते आणि हसू येतं. तिच्या देवानं यशाची हमी कधी दिलीच नव्हती. पेत्र पाण्यावर चालला, चार पावलं, आणि बुडू लागला. येशूनं हात धरून त्याला सावरलं, आणि मग बोल लावला तो शंका का धरलीस म्हणून. पण नावेत परत घेतलं. बुडालास तर नावेतून काढून टाकीन, असं कुठं लिहिलेलं नाही. आजीच्या लेखी विश्वासाचा अर्थ एवढाच होता, की पडलो तर कुणाच्या दारात पडतोय हे माहीत असणं. ‘मी करीनच’ हा आत्मविश्वास तिला थोडा उद्धटच वाटायचा.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आजीनं इतक्यांदा वाचली होती की पुस्तकाची पाठ सुटी झाली होती. शाळेत न गेलेली बाई, नवऱ्यानं घरी अक्षरं शिकवलेली. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा पाच वर्षं त्याच्यापासून दूर राहिलेली. रेव्हरंड टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ या काव्याचे थोडेच अध्याय लिहून झाले होते. पुढचे साठाहून अधिक लक्ष्मीबाईंनी लिहिले. "कवीची बायको कवी झाली, कंपाउंडरची बायको काहून नाही होनार कंपाउंडर?" असं म्हणून आजी शेजारच्या पोरांच्या जखमा स्वतःच धुवायची. आजोबा गप्प.

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. आम्ही तेच, गाव तेच, ज्वारी तीच, पण कचेरी हिंदीत. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, तरी कागद हिंदीतच. माझी शाळा हिंदी माध्यमाची. घरच्या रविवारच्या उपासनेत मराठी वाचन माझ्याकडं आलं की माझी दांडी गुल. नागपूरचे पाहुणे असले तर विचारूच नका. ‘ळ’ नीट येत नाही, ‘च’ दोन तऱ्हेचा हे ठाऊक नाही. मी आजीला म्हणायची, दुसऱ्या कुणाला दे. आजी पुढच्या रविवारी स्तोत्रसंहितेतलं आणखी लांबचं स्तोत्र काढून ठेवायची.

आता पणजीच्या बायबलविषयी. १९२४ ची ती प्रत तिला केडगावहून कधी आली हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण आली, छोट्या लाइनीच्या गाडीनं, सौंसर स्टेशनात. घरातल्यांना वाटलं ती पहिल्यांदा गुडघे टेकेल. तिनं पेन्सिल मागितली. उत्पत्तीपासून सुरुवात करून एकेक अक्षर उलट बाजूनं तपासत ती महिनेच्या महिने मुद्रितं तपासल्यासारखी ती प्रत वाचत राहिली. जिथं वेलांटी चुकली वाटली तिथं समासात खूण. पाळकांनी एकदा पाहिलं आणि पवित्र शास्त्रावर पेन्सिल चालवल्याबद्दल हरकत घेतली. पणजीनं त्यांच्यापुढं पान उघडून धरलं आणि खूण केलेली जागा दाखवली. ते म्हणाले, बरोबर आहे, इथं ऱ्हस्व हवी होती.

"मंग?" पणजी म्हणाली. "आता सांगा, हे पान माह्यं नाही."